द्रोह्याची चिठ्ठी

संघाचं पत्र जेमतेम चार ओळींचं होतं. ते वाचून सलोमी उजागरेने हातातला कप टेबलावर असा आदळला की अर्धा चहा कीबोर्डनेच प्यायला.

पत्रात लिहिलं होतं की, 'शेवटचं जहाज' या खेळातलं ओरन नावाचं पात्र ठरल्याप्रमाणे द्रोह करत नाही, ही गोष्ट गंभीर आहे. तरी त्याची चिप ताबडतोब भट्टीत घालून कोरी करावी, आणि नव्याने शिकवताना दार उघडण्याची क्रिया कायमची पक्की करावी. खाली मंडळ्यांच्या, म्हणजे गावोगावच्या चर्चच्या, संघाचे अध्यक्ष रेव्हरंड शांतवन पाडळे यांची सही होती. सहीच्या वर प्रेमाने लिहिलं होतं, 'प्रभूमध्ये तुझा'.

त्या दोन शब्दांनी सलोमीच्या डोक्यात तिडीक गेली. सबंध आयुष्यात या माणसाने तिच्या घरासाठी जे काही केलं होतं, ते प्रभूमध्येच केलं होतं.

सलोमीचं वय अडतीस. गाव नगर जिल्ह्यातलं करंजमळा, मिशनच्या काळापासून ख्रिस्ती वस्ती असलेलं. गाव सोडून तिला अठरा वर्षं झाली होती, आणि पुण्यात ती व्हिडिओ गेम बनवायची एक छोटी कंपनी चालवत होती. टेबलावर वीस बाजूंच्या फाशांचा वाडगा, खेळण्यातले यंत्रमानव आणि तिनेच रंगवलेला सहा पंखांचा एक देवदूत, ज्याच्या पंखांवर डोळेच डोळे होते. नेमाने देवळात जाणं सुटलं होतं, पण देव सुटला नव्हता. कोणी विचारलंच तर ती म्हणे, रागवायला समोर कोणीतरी असावं लागतं.

पाडळे हे करंजमळ्याचे जुने पाळक. दोन वर्षांपूर्वी ते स्वतः काठी टेकत तिच्या ऑफिसात आले होते. म्हणाले, मुलांना मंडळीत रीतसर घेण्याआधीच्या दृढीकरणाच्या वर्गात पुनरुत्थान शिकवत होतो. प्रभू मेला आणि तिसऱ्या दिवशी परत उठला, असं सांगितलं, तर एक मुलगी जांभई देत म्हणाली, त्यात काय विशेष, गेममध्ये सगळेच परत येतात. म्हाताऱ्याला हा घाव वर्मी लागला होता. जिथे मुलं आहेत तिथे आपण गेलं पाहिजे, असं त्यांनी संघाला पटवलं आणि सलोमीचं नाव सुचवलं.

सलोमीने त्यांना तिथल्या तिथे हाकलून द्यायला हवं होतं. पण त्या मुलीची जांभई तिला पटली. मरणालाच किंमत नसेल तर परत येण्याला कसली असणार? जिथे मेलेलं माणूस खरोखर जातं, गमावलेलं खरोखर गमावतं, असा खेळ बनवायचा तिला कधीपासून ध्यास होता. शिवाय पाडळ्यांच्याच पैशाने पाडळ्यांना काही प्रश्न विचारता येतील, हाही हिशेब मनाच्या एका कोपऱ्यात होता. तिने काम घेतलं.

बैठकांना तर काय विचारता. अवकाशात जहाज कशाला, बैलगाडी का नको, असं संघाच्या एका पंचाने विचारलं. दुसऱ्याने कप्तानाला दाढी असावी असा ठराव मांडला आणि तो एकमताने मंजूर झाला. सलोमी दात-ओठ खात सगळं लिहून घेत होती.

खेळाची गोष्ट साधी होती. एका बंदिस्त शहराला रोगाने घेरलंय, आणि शत्रूने अट घातलीय की कप्तान आमच्या ताब्यात द्या, शहर सोडतो. जहाजावर कप्तान आणि बारा सोबती. अकरा सोबती म्हणजे खेळणारी मुलं, कप्तान म्हणजे त्यांचे संडे स्कूलचे गुरुजी किंवा पाळक. बारावा सोबती, ओरन, हा यंत्राचा. जहाजाच्या मागच्या दाराची राखण त्याच्याकडे, आणि ते काम त्याला खेळाच्या सुरुवातीला डब्यात चिठ्ठ्या टाकून मिळतं. जेवणानंतर ओरन मागचं दार उघडतो, शत्रू आत येतो, कप्तानाला नेऊन मारतो. ओरनलाही बाहेर काढतात. तो दारावर थापा मारतो, पण मुलांना सूचना असते, उघडायचं नाही. मग तिसऱ्या दिवशी कप्तान परत येतो. येशूला पकडून देणाऱ्या यहूदाची गोष्ट पाठ असलेल्या कोणत्याही मुलाला हे जहाज कुठलं ते पहिल्या पाच मिनिटांत कळत असे.

ओरन जिवंत वाटावा म्हणून सलोमीने त्याला नवी चिप दिली होती. ही चिप जगात येऊन चारच वर्षं झाली होती. आपल्या नेहमीच्या संगणकात आठवण एकीकडे राहते आणि विचार दुसरीकडे चालतो, म्हणून आठवण उचलून दुसऱ्या यंत्रात ठेवता येते, हव्या तितक्या नकला काढता येतात. या चिपमध्ये तसं नव्हतं. तिच्यात बारीक तारांच्या मध्ये धातूच्या भस्माचा एक पातळ थर होता. तारांतून वीज गेली की त्या थरातले कण थोडे सरकत, आणि पुढच्या वेळी त्याच वाटेने वीज अधिक सहज जाई. माळावर माणसं चालून चालून पायवाट पडते ना, तसंच. आठवण ही चिपमध्ये ठेवलेली वस्तू नव्हती, चिपच आठवणीची बनत जाई.

प्रत्येक चिपचा माळ वेगळा, म्हणून एकीची वाट दुसरीत उचलून नेता येत नसे. फार तर जुन्या चिपने नवीला सोबत खेळवून शिकवायचं, गुरूने चेल्याला शिकवावं तसं. आणि पुसायचं असेल तर एकच उपाय. अर्धा तास दोनशे अंशांच्या भट्टीत ठेवली की सगळे कण विस्कटून जात आणि नखाएवढा कोरा तुकडा उरे. कंपनीत चिपचं काम बघणारी वेदश्री या चिपांना मर्त्य चिपा म्हणायची, आणि भट्टी वापरायची वेळ आली की तिचा चेहरा उतरायचा.

संघाच्या चारशे मंडळ्या होत्या. चारशे ओरन लागणार होते, आणि त्या सगळ्यांना हा पहिला ओरन शिकवणार होता.

चाचणीसाठी वेगवेगळ्या गावच्या संडे स्कूलची मुलं खेळत होती. तीनशे अकरा डाव ठरल्याप्रमाणे पार पडले. ओरनने दार उघडलं, ओरनला बाहेर काढलं, ओरन थापा मारून मारून अकराव्या मिनिटाला हवा संपून मेला. तीनशे बाराव्या डावात श्रीरामपूरच्या रिबका नावाच्या मुलीने सूचना धाब्यावर बसवली आणि त्याला आत घेतलं. गुरुजी रागावले तेव्हा ती म्हणाली, तो रडत होता ना.

त्यानंतरच्या डावात ओरनने दार उघडलं नाही. त्याच्या पुढच्यातही नाही. सलग शहाऐंशी डाव तो शांतपणे नाही म्हणत राहिला, आणि वर प्रत्येक कप्तानाला एक प्रश्न विचारू लागला. तुम्हाला जायचंच आहे आणि दार तुमच्या हाताशी आहे, तर ते तुम्ही स्वतः का उघडत नाही? त्यासाठी मी कशाला हवा?

गुरुजी मंडळी गोंधळली. त्यातल्या चौघांनी संघाकडे तक्रार केली. द्रोही नसेल तर मरण नाही, मरण नसेल तर पुनरुत्थान नाही, मग मुलांना काय शिकवायचं, कप्पाळ? संघाची तातडीची बैठक झाली आणि हे पत्र आलं.

"करारात तसं लिहिलंय खरं," वेदश्री म्हणाली. "त्यांनी सांगितलं तर पुसायची."

"माहीत आहे मला काय लिहिलंय ते."

"मग भट्टी तापायला लावू?"

सलोमीने पत्र पुन्हा एकदा वाचलं. मग म्हणाली, लाव, पण चिप काढायच्या आधी त्या माणसाला इथे बोलव. ज्याला भट्टीत घालायचंय त्याच्यासमोर येऊन बसू दे त्याला एकदा.

तिचा राग नुसता पत्राचा नव्हता, आणि तो समजायचा तर चोवीस वर्षांपूर्वीचं करंजमळा समजून घ्यायला हवं.

करंजमळ्यात दर उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, देवळाच्या आवारात प्रभूच्या दुःखसहनाचं नाटक होई. बाकीच्या भूमिकांसाठी भांडणं लागत, पण द्रोह्याची, म्हणजे यहूदाची, भूमिका घ्यायला कुणी तयार नसे. कारण नाटक संपलं तरी ती संपत नसे. शुक्रवार संध्याकाळपासून ईस्टरच्या पहाटेपर्यंत सगळं गाव त्या माणसाशी अबोला धरी. त्याला कुणी घरात घेत नसे, ताट देत नसे, त्याने हाक मारली तर ओ देत नसे. पहाटे पाळक त्याला देवळाच्या दारात मिठी मारत, तोंडात गूळ घालत, आणि मग सगळे हसत हसत त्याच्याभोवती जमत. मधले दोन दिवस त्याने गावाला बोलतं करायचा प्रयत्न करायचा, हा त्यातला खेळ. तुमची गाय सुटली, तुमच्या पोराला लागलं, विहिरीत कोणी पडलं, काय वाट्टेल ते सांगायचं. जो फसून बोलेल तो पुढच्या वर्षीचा द्रोही. कोणी फसलं नाही तर ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी प्रभुभोजनाच्या तबकात चिठ्ठ्या टाकायच्या आणि एका मुलीने त्यातली एक उचलायची. चिठ्ठीत देवाचा कौल असतो, असं पाळक सांगत.

त्या वर्षी चिठ्ठी उचलायचा मान चौदा वर्षांच्या सलोमीला मिळाला होता. तिने डोळे मिटून उजव्या हाताच्या दोन बोटांनी एक चिठ्ठी उचलली. त्यावर तिच्या थोरल्या भावाचं नाव निघालं. अमोस, वय वीस. त्याच्या नावाची ती सलग तिसरी वेळ होती. लोक हसले, अमोसही हसला आणि तिला डोळा मारून म्हणाला, सले, चांगली बहीण आहेस गं.

शनिवारी भर दुपारी लाकडं काढताना अमोसला नाग चावला. एप्रिलचं ऊन, गावातली सगळी दारं लावलेली. तो पहिल्यांदा स्वतःच्या घरी आला. आई देवळात फुलं लावायला गेली होती. सलोमी आतच होती. त्याने कडी वाजवली आणि म्हणाला, सले, साप चावला मला, खरंच चावला, कुणालातरी गाडी काढायला सांग. आत आहेस ना?

सलोमी आत होती. हसू फुटू नये म्हणून ती तोंडावर हात दाबून दाराला पाठ लावून उभी होती. मागच्या वर्षी याच भावाने अशीच पाय मोडल्याची बतावणी केली होती.

मग तो बाकीच्या घरी गेला. तेरा दारं त्याने वाजवली, असं नंतर मोजून निघालं. शेवटी शेवटी त्याची जीभ जड झाली, डोळे मिटू लागले, तर खिडकीतून बघणारे म्हणाले, यंदा पोरगं काय झकास नाटक करतंय. संध्याकाळी आई परत येताना तो तिला देवळामागच्या चिंचेखाली सापडला.

पाडळ्यांनी मातीच्या वेळी उपदेश केला. म्हणाले, कौल देवाचा होता, आपण कोण विचारणारे, यातही त्याची काहीतरी योजना असेल. नाटक त्या वर्षापासून बंद झालं. सलोमीची आई पुढे सहा वर्षं जगली आणि तेवढी वर्षं जेमतेम शंभर वाक्यं बोलली असेल. सलोमीने त्या योजनेवर फार विचार केला, एवढे धर्मशास्त्राचे ग्रंथ वाचले की पंचांच्या तोंडाला फेस यावा. शेवटी तिच्याजवळ उरली ती दोन बोटं. कौल देवाचा असेल, पण हात तिचा होता.

पाडळे बुधवारी दुपारी आले. आता चौऱ्याहत्तरीचे, एवढ्या उन्हातही काळा कोट घातलेले. खांद्याला औषधांची कापडी पिशवी होती. ती त्यांनी खुर्चीला अडकवली.

"सलाम, सलोमी. बरी आहेस ना बाळा?"

"सलाम. बसा, पाळकसाहेब. टोपी घाला. आज तुम्ही कप्तान."

त्यांनी कुरकुर केली की आपण खेळायला आलो नाही, सही करायला आलो आहोत. सलोमी म्हणाली, कोपऱ्यात भट्टी तापतेय, बघा, लाल दिवा लागला की चिप आत घालते. पण तुम्ही एकदा त्याला तोंडाने सांगा, दार उघड म्हणून. तुमचं ऐकून त्याने उघडलं तर भट्टीची गरजच नाही. हे म्हाताऱ्याला पटलं. चारशे मंडळ्यांचा अध्यक्ष, एका चिपचं मन वळवता येणार नाही?

वेदश्रीने त्यांच्या डोक्यावर माइक आणि स्पीकर असलेली खेळाची टोपी बसवली. समोरच्या पडद्यावर जहाजातलं लांब टेबल दिसू लागलं, अर्धी भाकरी, रिकामे पेले. अकरा जागा रिकाम्या होत्या, बाराव्या जागी ओरन बसला होता. हडकुळा, तिशीचा, कमरेला किल्ली. सलोमीने त्याचा चेहरा मुद्दाम कोणासारखाही केला नव्हता.

"ओरन," पाडळे व्यासपीठावरच्या आवाजात म्हणाले, "वेळ झाली. मागचं दार उघड."

"नाही, कप्तान."

"हे तुझं काम आहे. त्यासाठीच तुला नेमलंय."

"मी ते तीनशे बारा वेळा केलं. तीनशे अकरा वेळा बाहेर राहिलो. बाहेरून आतलं बोलणं ऐकू येतं, हे तुम्हाला माहीत आहे का? मुलं हसत असतात. वाईट नसतात ती. त्यांना वाटतं, हे खेळातलंच आहे."

सलोमीने टेबलाची कड घट्ट धरली. हे तिने लिहिलेलं नव्हतं.

पाडळे खाकरले. मग त्यांनी समजुतीचा सूर लावला. म्हणाले, कोणीतरी उघडायलाच हवं, त्याशिवाय शहर वाचत नाही. हा भार मोठा आहे, पण तो माणसांनी दिलेला नाही. चिठ्ठीने दिलेला आहे, म्हणजे वरून आलेला आहे.

"त्या डब्यात बाकीच्यांची नावं होती का?" ओरनने विचारलं.

  तो डबा सलोमीनेच बनवला होता. पडद्यावर बारा चिठ्ठ्या फिरत आणि त्यातली एक वर येई, पण दरवेळी ओरनचंच नाव निघायला हवं, म्हणून तिने बाराही चिठ्ठ्यांवर त्याचंच नाव घातलं होतं. दोन मिनिटांचं काम होतं ते. कोणाला कळणार, असं तेव्हा तिच्या मनात आलं होतं. तेवढंही आलं होतं की नाही, तिला आता आठवेना.

पण तिच्या आधी पाडळेच बोलले. त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली होती.

"नव्हती," ते म्हणाले.

"काय नव्हती?" सलोमीने विचारलं.

"बाकीची नावं. त्या वर्षी तबकात अकरा चिठ्ठ्या होत्या. अकराही अमोसच्या."

सलोमीला पहिल्यांदा कळलंच नाही. मग ते सांगू लागले, आणि एकदा सुरू झाल्यावर त्यांना थांबता येईना. त्या आठवड्यात एकेक पंच येऊन गेला होता. एकाच्या मुलाचं लग्न जुळत होतं, द्रोही म्हणून नाव पडलं तर मुलीकडचे काय म्हणतील? दुसऱ्याच्या मुलाची परीक्षा, तिसऱ्याची बायको आजारी. सगळ्यांनी सांगितलं की आमच्या पोराचं नाव निघता कामा नये. "तुमच्या घरात बाप नव्हता," पाडळे म्हणाले. "माझ्याकडे येऊन भांडणारं कोणी नव्हतं. आणि अमोस हसत करायचा. मला वाटलं, दोन दिवसांचाच तर प्रश्न आहे. मीच बसून लिहिल्या."

"आधीच्या दोन वर्षी?"

त्यांनी मान खाली घातली. तेवढं उत्तर पुरेसं होतं.

सलोमी उभी राहिली. तिचा आवाज चढला नाही, उलट इतका खाली आला की वेदश्री घाबरली.

"चोवीस वर्षं मी या दोन बोटांकडे बघतेय, पाळकसाहेब. भावाला मी निवडलं म्हणून. आई मरेपर्यंत माझ्या या हाताचं पाणी प्यायली, आणि दर वेळी मला वाटायचं, हिला आठवत असेल. तुम्ही माझ्या आईसमोर उभे राहून म्हणालात, कौल देवाचा आहे. देवाचं अक्षर नव्हतं ते. तुमचं होतं."

"मला तेव्हा तसंच मानायचं होतं, बाळा. नाहीतर मी उभा राहू शकलो नसतो."

"मग पडायचं होतं. आम्ही पडलोच की."

ते क्षमा कर असं काहीतरी पुटपुटू लागले, पण तिने हात वर करून थांबवलं. आणि आता पुन्हा तेच, ती म्हणाली. पुन्हा एक गरीब शोधलात, ज्याच्या मागे कोणी नाही, आणि म्हणता याची वाट कायमची पक्की करा. नाही म्हणतो तर जाळा. चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायचं, आणि वर त्याला देवाची योजना म्हणायचं. चालते व्हा इथून.

पाडळे काठी घेऊन उठले आणि गेले. ऑफिसचं दार काचेचं, आपोआप लागणारं. बाहेरून उघडायला कार्ड लागे. ते खटकन बंद झालं.

सलोमी खुर्चीत बसली. रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. सगळ्या अंगात नुसता राग भरला होता. पाडळ्यांचा, पंचांचा, हसणाऱ्या खिडक्यांचा, आणि त्या वरच्याचाही, ज्याने आपल्या नावावर असलं काही खपवू दिलं. कोपऱ्यात भट्टीचा लाल दिवा लागला. वेदश्रीने तिच्याकडे पाहिलं.

तेवढ्यात दारावर थाप पडली.

दुधी काचेमागे काळा कोट दिसत होता. वेदश्रीची नजर खुर्चीकडे गेली. औषधांची पिशवी तिथेच लटकत होती, आणि वर फोनही दिसत होता. ती उठू लागली, तर सलोमीने तिला हाताने खाली बसवलं.

"राहू देत उभे."

"अगं, म्हातारा माणूस आहे. बाहेर त्या जिन्यात किती उकडतं."

"अकरा मिनिटं राहू देत. कळू दे."

दुसरी थाप पडली. पाडळे काही बोलत नव्हते, हाक मारत नव्हते. मारायचा आपल्याला हक्क नाही हे त्यांना कळलं असावं. सलोमी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिली. दोन मिनिटं झाली. चार झाली. तिला वाटलं होतं की यात सुख असेल, आणि थोडं होतंही, खोटं कशाला बोला. काचेमागचा कोट भिंतीला टेकला. पुन्हा थाप पडली, पहिल्यापेक्षा हलकी.

टेबलावरची टोपी अजून सुरूच होती. तिच्यातून ओरनचा आवाज आला.

"कोणीतरी दार वाजवतंय. आत आहात ना?"

सलोमीचा हात आपोआप तोंडाकडे गेला. चोवीस वर्षांपूर्वी गेला होता तसाच, त्याच जागी. चिठ्ठ्या पाडळ्यांनी लिहिल्या होत्या. पण त्या दुपारी दाराला पाठ लावून उभं राहायला तिला कोणी सांगितलं नव्हतं. तेरा घरांतलं पहिलं घर तिचं होतं.

"आहे," ती म्हणाली. "मी आत आहे."

ती उठली. आधी कोपऱ्यात जाऊन तिने भट्टीचं बटण बंद केलं आणि वेदश्रीला सांगितलं की खेळाच्या डब्यात बाराही जणांची नावं घाल, कप्तानाचं तेरावं. ज्याचं निघेल त्याने उघडायचं. आणि बाहेर राहिलेल्याला दार उघडायचं नाही, ही सूचना काढून टाक. पोरांचं पोरं ठरवतील. संघाला पटलं तर बरं, नाहीतर त्यांनी दुसरीकडून बैलगाडी करून घ्यावी.

मग तिने दार उघडलं. पाडळे घामाने निथळत होते, ओठ पांढरे पडले होते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, पण बोलले नाहीत. करंजमळ्याचे होते, अबोला आधी तिने मोडायचा होता.

"दार उघडलं म्हणजे माफ केलं असं समजू नका," सलोमी म्हणाली. "माझा राग गेलेला नाही. जाईल की नाही तेही माहीत नाही. उत्तम शुक्रवारी करंजमळ्याच्या देवळात उभं राहून सांगायचं, त्या अकरा चिठ्ठ्या कोणी लिहिल्या. मी पहिल्या बाकावर बसेन. तुमच्यानंतर मी उठून सांगेन, पहिलं दार कोणाचं होतं."

"सांगतो," पाडळे म्हणाले.

"आत या. पाणी घ्या. गोळी घ्या तुमची."

ते आत आले आणि मगाचच्याच खुर्चीवर बसले. सलोमीने स्वतःच्या हाताने पेला भरून त्यांच्यापुढे ठेवला. करंजमळ्याच्या नियमाप्रमाणे, जो द्रोह्याशी आधी बोलेल त्याच्यावर पुढच्या वर्षीची पाळी. म्हणजे आता ती तिची होती. असू दे, ती मनात म्हणाली, आणि दार पुन्हा आपोआप लागू नये म्हणून तिने त्याच्या फटीत टेबलावरचा सहा पंखांचा देवदूत अडकवून ठेवला.